पेशीतला प्रमोटर आणि आमच्या सोसायटीतला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकट होती : ‘कृत्रिम प्रवर्तकांमुळे पेशी दहापट जोमाने काम करणार’. सकाळी साडेसातला ती कुणीतरी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि नऊ वाजेपर्यंत भांडण पेटलं. आमची इमारत सिडकोच्या काळातली, सध्या पुनर्विकासाच्या वाटेवर. रेराच्या मराठी कागदांत बिल्डरला ‘प्रवर्तक’ म्हणतात, हे गेल्या वर्षभरात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. सेक्रेटरींनी नुसता मथळा वाचून लिहिलं, ‘आता कृत्रिम प्रवर्तकही निघाले. सही करण्याआधी विचार करा.’ त्याखाली सतरा अंगठे.

मी खुलासा टाकला, पण ग्रुपवर लांब मजकूर कोण वाचतो? म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, कापलंत तरी चालेल. फक्त कापसाचा भाग ठेवा.

१९८९ ते २०१९ अशी तीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. शिक्षण बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. म्हणजे मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ जे वहीत लिहितात ते नळीत घालून, हलवून, मोजून दाखवणाऱ्यांपैकी मी एक. या तीस वर्षांत ‘प्रवर्तक’ हा शब्द प्रयोगशाळेत एकदाही माझ्या कानावर पडला नाही. आम्ही सगळे, अगदी भांडी धुणारे मामासुद्धा, ‘प्रमोटर’च म्हणायचो. आपणही तोच छापावा. निदान बिल्डरशी गल्लत कुठून होते ते तरी वाचकाला समजेल.

प्रमोटर म्हणजे काय, हे चौकटीत कुठंच नव्हतं. आतड्यात राहणाऱ्या साध्या ई. कोलाय जिवाणूतसुद्धा चार हजारांवर जनुकं असतात. सगळी एकदम, एकाच जोरानं चालू राहिली तर पेशीला ते परवडणार नाही. म्हणून जनुकाच्या, किंवा जनुकांच्या गटाच्या, अगदी आधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. आरएनए पॉलिमरेज नावाचं यंत्र आधी तिथं येऊन बसतं आणि मग पुढच्या जनुकाची नक्कल काढत जातं. जागा सोयीची असली तर ते वरचेवर येतं, नकला भरपूर निघतात, प्रथिनही भरपूर बनतं. जागा गैरसोयीची असली तर कधीमधी. या बसायच्या जागेचं नाव प्रमोटर. जनुकात काय लिहिलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. ते किती वेळा वाचलं जायचं, एवढं ती ठरवते.

डीएनए ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. ई. कोलायच्या नेहमीच्या प्रमोटरमध्ये दोन खुणा महत्त्वाच्या असतात. नक्कल जिथं सुरू होते तिथून साधारण दहा अक्षरं मागे टी-ए-टी-ए-ए-टी, आणि पस्तीस अक्षरं मागे टी-टी-जी-ए-सी-ए. दोन्हींच्या मध्ये सतरा अक्षरं असली की उत्तम. निसर्गातले बहुतेक प्रमोटर या आदर्शापासून थोडे ढळलेलेच सापडतात, आणि पेशीचं त्यातच भलं असतं. सगळेच आदर्श असते तर सगळीच जनुकं बोंबलत राहिली असती.

‘कृत्रिम’ म्हणजे ही अक्षरं माणसानं जुळवलेली, बस. अक्षरं तीच चार. प्लॅस्टिकचा डीएनए नव्हे. (हे ग्रुपवर खरोखर विचारलं गेलं.)

आता माझी मुख्य तक्रार, तुमच्या ‘दहापट’वर. जोर दहापट करणं ही या कामातली सोपी बाजू आहे. ती चाळीस वर्षांपूर्वीच साधली होती. आमच्या कंपनीत त्याचे चटके आम्ही खाल्लेत.

१९९९चा पावसाळा. तपासणी किटसाठी लागणारं एक एन्झाइम आम्हाला ई. कोलायकडून बनवून घ्यायचं होतं. वरून क्लोन (म्हणजे ते जनुक घातलेला तयार जिवाणू) आला तो टी-सेव्हन प्रमोटरचा. टी-सेव्हन हा जिवाणूंना होणारा विषाणू. त्याचं पॉलिमरेज फक्त त्याचाच प्रमोटर ओळखतं आणि मग राक्षसासारखं काम करतं. स्टुडियर आणि मोफॅट या दोघांनी १९८६ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये ही जोडी प्रयोगशाळांच्या हाती दिली. नीट जमलं तर काही तासांत पेशीतलं निम्म्याहून जास्त प्रथिन एकट्या तुमच्या जनुकाचं असतं. आमचे साहेब तो आकडा घेऊन आठवडाभर फिरत होते.

फ्लास्कमध्ये ठीक चाललं. पन्नास लिटरच्या टाकीत आयपीटीजी घातलं (ही लॅक्टोजसारखी वस्तू, पेशीला पचत नाही, पण जनुक सुरू करते) आणि तासाभरात वाढ खुंटली. मी थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक पेशीच्या टोकाला एक चकाकणारा ठिपका, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा. प्रथिन इतक्या घाईनं बनत होतं की त्याला नीट घडी पडायला वेळच मिळत नव्हता. सगळं गोळा होऊन बसलेलं. एन्झाइम म्हणून त्याचा उपयोग शून्य.

मग मी त्याच टाकीतलं पाणी पातळ करून दोन प्रकारच्या प्लेटांवर पसरलं. एकीत अँपिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध, एकीत नाही. आपलं जनुक ज्या प्लाझ्मिडवर (पेशीत वेगळं राहणारं डीएनएचं छोटं कडं) असतं, त्यावरच अँपिसिलिनपासून वाचवणारं जनुकही असतं. त्यामुळे प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी पहिल्या प्लेटवर उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी साध्या प्लेटवर २१२ वसाहती, अँपिसिलिनच्या प्लेटवर ३१. माझ्या वहीतले आकडे आहेत, आठवणीतले नव्हेत. टाकीतल्या बहुतेक पेशींनी ओझं फेकून दिलं होतं आणि मोकळ्या हातांनी त्या मजेत वाढत होत्या.

अशा दोन बॅचेस वाफेनं मारून ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटकडे, पाठवल्या. दोष मात्र तंत्रज्ञांवर आला : निर्जंतुकीकरण कच्चं राहिलं असणार. मी त्या दोन प्लेटा झाकण लावून महिनाभर शीतकपाटात ठेवल्या होत्या. कुणी बघायला आलं नाही. शेवटी तापमान ३७ वरून २२ वर आणलं, आयपीटीजी दहाव्या हिश्श्यावर आणलं, आणि एन्झाइम मिळायला लागलं. म्हणजे एवढा जोरदार प्रमोटर आणायचा आणि मग रात्रभर त्याचा लगाम ओढत बसायचं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९८ साली, डेन्मार्कमध्ये येन्सन आणि हामर या दोघांनी यावरचा तोडगा छापला होता. आमच्यापर्यंत तो दहाएक वर्षांनी पोचला. त्यांनी घेतला लॅक्टोकॉकस लॅक्टिस, चीज आणि ताकाच्या विरजणातला जिवाणू. प्रमोटरमधल्या ठरावीक खुणा जशाच्या तशा ठेवल्या आणि त्यांच्या मधली अक्षरं सोडली वाऱ्यावर, कुठलीही येवोत. त्याआधी बहुतेकांची समजूत अशी, की मधला मजकूर म्हणजे नुसतं अंतर राखायचा भराव. निघालं भलतंच. त्या भरावातली अक्षरं बदलली की जोर शेकडो पटींनी बदलतो. त्यांच्याकडे ३८ प्रमोटर तयार झाले, अगदी मिणमिणत्यापासून जोरकसापर्यंत, आणि मधल्या पायऱ्या लहान लहान.

संपादक महोदय, खरं कौतुक त्या लहान पायऱ्यांचं आहे.

२००९च्या सुमारास आमच्याकडे नव्यानं पीएच.डी. झालेली एक मुलगी लागली. तिनं अशाच पद्धतीचे बारा प्रमोटर आणले, प्रत्येकापुढे जीएफपीचं जनुक. जीएफपी म्हणजे एका जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, ज्याच्या कामाला २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुपारी तीनची वेळ, खिडकीला आम्ही काळा कागद चिकटवला, रॅकमध्ये बारा नळ्या लावल्या आणि यूव्ही दिवा सुरू केला. पहिली नळी ताकावरच्या निवळीसारखी. तिसरीत हिरव्याची नुसती शंका. सहावी-सातवी कोवळ्या पोपटी रंगाची. बारावी जुन्या रेडियमच्या घड्याळासारखी, इतकी की शेजारच्या नळीवर तिचा उजेड पडत होता. वीस वर्षं नोकरी केली होती, पण जनुकाचा जोर असा रांगेत उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. कँटीनचा मुलगासुद्धा चहाचा ट्रे धरून दारात थांबला.

मग तेच बारा प्रमोटर आमच्या त्या जुन्या एन्झाइमपुढे लावले. प्रथिन सगळ्यांत जास्त बाराव्या नळीत, पण बरंचसं गोळा झालेलं. कामाचं एन्झाइम सगळ्यांत जास्त निघालं पाचव्या नळीत. पाचव्या! दहा वर्षांपूर्वी हे हाताशी असतं तर माझ्या दोन प्लेटा कुणाला दाखवायची गरज पडली नसती.

हा आमच्या एका नळीचा योगायोग नव्हे. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीत असाच प्रमोटरांचा संच ई. कोलायमध्ये घालून लायकोपीन बनवून पाहिलं. टोमॅटोला लाली देतं ते लायकोपीन. त्या वाटेवरच्या एका जनुकाचा जोर ठरावीक पातळीपर्यंत वाढवला तर फायदा, त्यापुढे तोटा. २०१० साली तिथल्याच चमूनं टॅक्साडाइन बनवलं. ही टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाकडे जाणारी पहिली पायरी. टॅक्सॉल मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं. त्यांनी रस्त्याचे दोन भाग पाडले : पेशीचा स्वतःचा आधीचा भाग आणि झाडाकडून उसना आणलेला पुढचा भाग. प्रत्येक भागापुढे कमी-जास्त जोराचे प्रमोटर लावून जोड्या तपासल्या. दोन्ही भाग पूर्ण जोरात, ही जोडी जिंकली नाही. दोन्हींचा मेळ बसला तेव्हा उत्पादन पंधरा हजार पटींनी वाढून लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास गेलं.

ऐरोलीहून कळव्याकडे जाणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. ठाणे-बेलापूर रस्ता कितीही रुंद केला तरी गाड्या शेवटी विटाव्याच्या रेल्वे पुलाखालीच तुंबतात. मागून जितक्या जोरात सोडाल तितकी रांग लांब. पेशीतही पुढच्या टप्प्याला न झेपलेला माल असाच साचतो. टॅक्साडाइनच्या त्या कामात टाकीत इंडोल साचत होतं आणि जिथं इंडोल जास्त तिथं टॅक्साडाइन कमी. ते वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले. इंडोल म्हणजे ई. कोलायचा तो ओळखीचा दर्प, जो माझ्या ॲप्रनमधून तीस वर्षं गेला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कोव्हॅक्सचं द्रावण घालून त्याचं लाल कडं आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. जगातली इतकी मोठी अडचण शेवटी प्रॅक्टिकलच्या वासाची निघाली.

आता कापसाबद्दल, कारण तिथं हा विषय घरात येतो.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. भाऊ अजून कापूस पेरतो. बीटी कापसाला आपल्याकडे मार्च २००२मध्ये परवानगी मिळाली. त्या पहिल्या वाणांत अळीला मारणाऱ्या जनुकापुढचा प्रमोटर फुलकोबीला रोग आणणाऱ्या एका विषाणूचा होता, आणि तोही जसाच्या तसा नव्हे. त्याचा जोर वाढवणारा भाग दोनदा जोडलेला. असं दुहेरी जोडकाम केल्यावर तंबाखूच्या झाडात जोर सुमारे दहापट होतो, हे १९८७ साली प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे तुमच्या चौकटीतली ‘दहापट’ची बातमी विदर्भाच्या मातीत कधीच पेरली गेली आहे.

हा प्रमोटर झाडाच्या सगळ्या भागांत, सदासर्वकाळ चालतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शेतातल्या झाडांवर मोजून २००५ साली छापलं, की विषाची पातळी पानांत सगळ्यांत जास्त, आणि फुलाच्या अंडाशयात व बोंडाच्या सालीत सगळ्यांत कमी. शिवाय झाड जसं जून होतं तशी ती उतरत जाते. पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ती हिरव्या बोंडअळीला मारण्याइतकीही उरत नव्हती. अळीला तर बोंडच हवं असतं! याला एकटा प्रमोटर जबाबदार असं मी म्हणणार नाही. वाण, पाणी, खत, झाडाचं वय, सगळंच त्यात येतं. पुढे गुलाबी बोंडअळीनं उच्छाद मांडला त्यालाही बरीच कारणं आहेत, आणि अळीनंच विष पचवायला शिकणं हे त्यातलं मोठं. पण भावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, ‘पानात जहर हाये अन् बोंडात नाही, हे कोन्तं बियानं व ताई?’ प्रमोटर या विषयातला याच्याहून नेमका प्रश्न मी कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलेला नाही. हव्या त्या भागात, हव्या त्या वेळी, हवा तितका जोर, हे जमवण्यासाठीच तर लोक प्रमोटर जुळवत बसलेत.

आपल्या जवळचं आणखी एक उदाहरण. खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये देशात परवानगी मिळाली. त्या प्रकारच्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींत (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी) नवं जनुक घालतात, आणि जनुक आलं की त्याच्यापुढे प्रमोटर आलाच. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका गटानं उंदरांवर दाखवलं, की हे जनुक बाहेरच्या जोरदार प्रमोटरऐवजी टी-पेशीच्या स्वतःच्या जागी, तिच्याच प्रमोटरच्या ताब्यात दिलं तर पेशी उशिरा थकतात आणि कर्करोगाशी जास्त चांगली झुंज देतात. इथंही बारावी नळी हरली.

‘एआयने तयार केले’ असंही एक वाक्य चौकटीत होतं. संगणकाचा हात त्यात आहे हे खरं. २०२० साली यीस्टमध्ये दहा कोटींवर आडवेतिडवे प्रमोटर बनवून मोजले गेले आणि त्या आकड्यांवर संगणकाला शिकवलं गेलं. पण हे मोजमाप आधी कुणीतरी नळीत केलेलं असतं, त्याचा उल्लेख कुठंच नसतो. तंत्रज्ञ म्हणून ते माझ्या मनाला लागतं, एवढंच. आणि संगणकानं दिलेला प्रमोटर सगळीकडे सारखा चालेल या भ्रमात राहू नये. ई. कोलायमधला प्रमोटर यीस्ट ओळखतच नाही. त्याच जिवाणूत पुढचं जनुक बदललं, शेजारची अक्षरं बदलली, फ्लास्कमधून टाकीत नेलं, की जोर बदलतो. उलट ई. कोलाय इतका भोळा, की शंभर अक्षरांचा कुठलाही तुकडा आणून ठेवला तरी दहातला एखादा तो प्रमोटर म्हणून चालवून घेतो, असं २०१८मध्ये दिसून आलं.

ग्रुपवरच्या काळजीला मी हसले नाही, हेही लिहिते. जनुकांशी खेळ कशाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो प्रमोटरला विचारून उत्तर मिळत नाही. त्याच्यापुढे कुठलं जनुक आहे, ते कुठल्या सजीवात आहे, आणि तो सजीव बंद टाकीत राहणार की उघड्या शेतात, हे विचारावं. आपल्याकडे यासाठी पर्यावरण कायद्याखाली १९८९चे नियम आहेत. असं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. आमच्या समितीच्या बैठकीचा चहा आणि इतिवृत्त, दोन्ही माझ्याकडे असायचं. कधी चहाच जास्त गंभीरपणे घेतला जायचा, पण बैठक चुकली नाही.

तेव्हा विनंती अशी. त्या चौकटीचा खुलासा छापावा, लहान अक्षरात का होईना. पुढच्या वेळी ‘दहापट’ लिहिताना कशाच्या दहापट, कुठल्या पेशीत, आणि वाढलेल्या प्रथिनातलं कामाचं किती, एवढं वार्ताहरानं विचारून घ्यावं. त्या बारा नळ्यांचा फोटो माझ्याकडे आहे, कंपनीचा असल्यामुळे छापायला देता येणार नाही. पण वार्ताहराला पाहायचा असेल तर दुपारी चारनंतर यावं. चौथा मजला आहे आणि लिफ्ट पुनर्विकासाच्या वादात बंद आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोपरखैरणे
(नाव छापू नये. पत्ता व फोन वेगळ्या कागदावर जोडला आहे.)